टोनोपाला जाताना वाटेत तोआ पायोह

सिंगापूरच्या हौगांग भागात अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या निशिकांत खांबेट्यांना अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचे सगळे राज्य महामार्ग नंबरासकट पाठ होते. वाळवंट म्हणून त्यांनी आयुष्यात पाहिलेली जागा मात्र एकच होती. तुआसला समुद्रात भराव घालण्यासाठी आणून टाकलेला वाळूचा ढीग.

खांबेटे तुआसमधल्या एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत इंटर्नल ऑडिटर होते. मूळचे ठाण्याचे. लग्नानंतर सिंगापूरला आले, पीआर म्हणजे कायम रहिवासी झाले, मग नागरिक झाले, आणि हौगांगचा फ्लॅट घेऊन कायमचे बसले. हौगांग सिंगापूर बेटाच्या ईशान्येला आणि तुआस अगदी पश्चिमेच्या टोकाला, त्यामुळे रोज सकाळी बस, मग एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, मग गाडी बदलून दुसरी एमआरटी आणि शेवटी कंपनीची बस असा त्यांचा क्रम असे. "या देशात याहून लांबचा प्रवास मिळत नाही," असं ते अभिमानाने सांगत. पुढे गेलं की समुद्रच.

वेडाची सुरुवात झाली ती एका नकाशाने. कंपनीतला एक अमेरिकन इंजिनिअर मायदेशी परत जाताना टेबल रिकामं करत होता. त्याच्या खणातून नेवाडाचा जुना, घड्या झिजलेला रस्त्यांचा नकाशा निघाला. तो केराच्या टोपलीत जाताना पाहून खांबेट्यांना राहवलं नाही. सिंगापूरचा नकाशा कसा, मुठीत मावेल एवढ्या जागेत नावांची नुसती खेचाखेची. आणि हा नकाशा बघावा तर वीतभर जागेत एकच रेष, नावगाव काही नाही. त्या रेषेवरून बोट फिरवताना खांबेट्यांना छातीत मोकळंमोकळं वाटलं. घरी आणून त्यांनी तो दिवाणखान्यात लावला. लावायचा तर जागा हवी म्हणून ऋताची, म्हणजे लेकीची, पोहण्याच्या स्पर्धेतली तीन प्रशस्तिपत्रकं काढून आतल्या खोलीत गेली.

त्यानंतर घरात दुसरा विषय राहिला नाही. पाहुणा चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच खांबेटे सुरू होत.

"नेवाडात एके काळी उंट होते, माहितेय? खाणींना लागणारं मीठ उंटांवरून जायचं. पण रस्त्यावरची घोडी-खेचरं उंट दिसले की उधळायची. शेवटी अठराशे पंच्याहत्तर साली कायदा केला, सार्वजनिक रस्त्यावर उंट मोकळे सोडायचे नाहीत म्हणून!"

"अरे वा," पाहुणा म्हणे, आणि बिस्किटाकडे हात नेई.

"आणि एकोणीसशे शहात्तर साली त्या लोकांनी काय केलं असेल? सगळ्या राज्य महामार्गांचे नंबरच बदलले! माझ्या नकाशातला पंचवीस नंबर घ्या. आता तो तीनशे पंच्याहत्तर आहे. कोणाला विचारलं? कोणालाच नाही." हे ते अशा सुरात सांगत की पाहुण्याला वाटावं, त्या रस्त्यावर खांबेट्यांचं वडिलोपार्जित घर होतं.

या तीनशे पंच्याहत्तरवरच त्यांचा सगळा जीव होता. टोनोपा नावाच्या गावाला जाताना हा रस्ता लागतो. दोन्हीकडे सपाट वाळवंट, मध्ये एकच चिमुकली वस्ती, आणि दीडशे मैलांत एकही पेट्रोल पंप नाही. आकाशात उडत्या तबकड्या दिसतात म्हणून हौशी लोक तिथे जातात.

"पापा, एव्हरीबडी गोज देअर टु सी एलियन्स," ऋता म्हणायची. "ओन्ली यू वाँट टु सी द रोड, लाह."

एकदा तिथे जायचं, स्वतः गाडी चालवायची, एवढीच खांबेट्यांची इच्छा. अडचण त्यांच्या बायकोची, म्हणजे सवितावहिनींची होती. त्या एका बँकेत कम्प्लायन्सचं काम पाहत. होकार देण्याआधी शंभर शंका काढायच्या, याचाच त्यांना पगार मिळत असे.

"अहो, तुम्ही गाडी शेवटची कधी चालवलीत?"

"लायसन्स आहे ना माझ्याकडे."

"लायसन्स माझ्याकडेही आहे. ऋता लहान होती तेव्हा अडीअडचणीला म्हणून काढलेलं. म्हणून मी काय वाळवंटात निघालेय?" मग जरा विचार करून त्या म्हणाल्या, "आधी इथे चालवून दाखवा. तिथे जेवढं अंतर आहे तेवढं, एका दमात. कोणावर न चिडता. मी शेजारी बसेन. जमलं तर तिकिटं काढू."

वहिनींना वाटलं विषय मिटला. खांबेट्यांना वाटलं विषय आता कुठे सुरू झाला.

त्या दिवसापासून तयारीला जोर चढला. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून खांबेटे सगळीकडे उजव्या बाजूने चालू लागले. लिफ्टपासून घरापर्यंतच्या अरुंद व्हरांड्यात समोरच्या मिसेस लिम भाजीची ढकलगाडी घेऊन डावीकडून येत, त्यांच्याशी रोज टक्कर ठरलेली. संध्याकाळी सोफ्याच्या डाव्या टोकाला बसून, स्टीलचं ताट दोन्ही हातांत धरून ते वळणं घेत. "या रस्त्याला वळणं नाहीत असं तुम्हीच म्हणता ना?" असं वहिनींनी विचारल्यावर त्यांनी ताट सरळ धरून बसायचा सराव केला.

गाडीसाठी त्यांनी शैलेंद्र बापटांना गाठलं. शैलेंद्र हे त्यांचे जुने मित्र, आंग मो किओला राहणारे, बँकेतले. त्यांच्याकडे गाडी होती आणि ती वापरावी लागू नये म्हणून ते एमआरटीने फिरत. 

"अरे पण मलेशियात जा ना," शैलेंद्र म्हणाले. "पूल ओलांडला की हायवेच हायवे."

"तिथे जरा पुढे गेलं की पंप, जेवायची सोय, बाथरूम. दोन्ही बाजूला पामची झाडं. ते वाळवंट नाही, ती बाग आहे. आणि मला ठरलेल्या वेळी घरी परत यायचंय. आपला पीआयई एक्स्प्रेसवे बरा. चांगीहून तुआस, तुआसहून चांगी. जाऊन-येऊन अंतर भरेपर्यंत."

शैलेंद्रनी गाडी दिली, पण तीन अटींवर. गाडीत खायचं नाही, एसी फार लावायचा नाही, आणि मागच्या सीटवर ते स्वतः बसणार.

"टाकी पूर्ण भरून आण," खांबेट्यांनी बजावलं.

रविवारी सकाळी तिघं निघाले. वाळवंटात गाडी बंद पडली तर काय जवळ असावं, हे खांबेट्यांनी वाचून ठेवलं होतं. त्याप्रमाणे डिकीत पाण्याचे तीन कॅन, घोंगडी, शिट्टी आणि विमानाला उन्हाचा कवडसा दाखवायला आरसा होता. आरसा बाथरूममधला होता. सवितावहिनींनी पायाशी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा ठेवला होता. अट नंबर एक त्यांना मान्य नव्हती.

पहिली फेरी झकास झाली. रस्ता मोकळा, आकाश निळं. खांबेटे खुशीत समोर नसलेल्या गोष्टी दाखवत होते. "हे डावीकडे आता नुसतं खुरटं झुडूप. लांबवर डोंगर. मनुष्य नाही." डावीकडे बेडोकचे चौदा मजली ब्लॉक उभे होते आणि खिडक्यांतून बांबूंवर कपडे वाळत होते.

वहिनींना हळूहळू मजा वाटायला लागली. त्या रस्त्यावर मोकळी गुरं फिरतात, हे त्यांनी घरात शंभरदा ऐकलं होतं. मध्येच त्या ओरडल्या, "गाय!"

खांबेट्यांनी झटकन ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. मागे शैलेंद्रनी देवाचं नाव घेतलं.

"कुठाय गाय?"

"वाळवंटात आहे. शाब्बास, वेळेवर पाय काढलात."

"वहिनी, कृपा करून गाय नको," शैलेंद्र म्हणाले. "माझं बीपी आहे."

तुआसला वळसा घालून परत येताना शैलेंद्र अस्वस्थ झाले. ते सारखे पाय बदलून बसू लागले. शेवटी म्हणाले, "निशी, पुढच्या एक्झिटला जरा बाहेर घे."

"कशाला?"

"कशाला काय? सकाळी दोन कप चहा प्यायलोय."

"वाळवंटात एक्झिट नसते, शैलेंद्र."

"माझी गाडी आहे!"

"गाडी तुझी, रस्ता नेवाडाचा."

अखेर वहिनींनी मध्ये पडून निकाल दिला की माणुसकी सगळ्या राज्यांत सारखीच असते. गाडी बाहेर निघाली, शैलेंद्र धावत खाण्याच्या गाळ्यांच्या एका हॉकर सेंटरमध्ये गेले आणि येताना चोरून नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खाऊन आले. मिशीला लागलेल्या जॅमवरून वहिनींनी ते ओळखलं आणि पायाशी ठेवलेला डबा शांतपणे उघडला. अट नंबर एक तिथेच निकालात निघाली.

चांगीहून पुन्हा पश्चिमेकडे निघाल्यावर समोर पिवळा दिवा लागला.

"पेट्रोलचा दिवा लागलाय," खांबेटे म्हणाले. "असं कसं? टाकी भरली होतीस ना?"

"तो दिवा माझ्याकडे कायमच असतो," शैलेंद्र पुरी खात म्हणाले. "मनावर घेऊ नकोस."

"कायम का असतो?"

"मी थोडंथोडंच भरतो ना. टाकी भरली की गाडी जड होते."

"पण आज भरली होतीस ना?"

मागे डब्यातली आणखी एक पुरी उचलली गेली. "अर्धी," शैलेंद्र म्हणाले. "अर्ध्याच्या जवळपास."

वहिनी म्हणाल्या, "अहो, बाहेर घ्या." खांबेटेही तेच म्हणणार होते. ते डावीकडे सरकायला लागले, तेवढ्यात गाडीला उचकी लागली. दुसरी लागली. आणि बुकिट तिमाहच्या अलीकडे, मोठमोठ्या पर्जन्यवृक्षांच्या सावलीत, कडेच्या पट्ट्यावर पोचता पोचता गाडीने मान टाकली. पुढे उतरणारी एक्झिट दिसत होती. तिथून पेट्रोल पंप हाकेच्या अंतरावर होता.

आता गंमत अशी की खांबेटे घरी वायफाय पाच मिनिटं बंद पडलं तरी अख्खा मजला डोक्यावर घेणारे गृहस्थ. शैलेंद्र तर सीटच्या मागेच दडले. पण खांबेटे चिडले नाहीत. त्यांनी धोक्याचे दिवे लावले, दोघांना डाव्या दारातून उतरवून कठड्यापलीकडे गवतावर नेलं, घोंगडी अंथरली, प्रत्येकाला पाणी दिलं. "एकदम पिऊ नका. घोट घोट घ्या. कोणीही वाहनापासून लांब जायचं नाही. वाळवंटात माणसं मरतात ती वाहन सोडून चालायला लागतात म्हणून."

"निशी, तो बघ पंप," शैलेंद्र म्हणाले. "मी कॅनमधून पेट्रोल घेऊन येतो."

"बस खाली!"

शैलेंद्र बसले. बाजूने गाड्या धावत होत्या. घोंगडीवर बसून पुऱ्या खाणारी तीन प्रौढ माणसं आणि त्यांच्यामागे झाडाला टेकवलेला बाथरूमचा आरसा पाहून एका टूरिस्ट बसमधले लोक हात हलवत गेले. वहिनींनीही हात हलवला.

खांबेट्यांना मनातून वाटत होतं की निदान तासभर तरी कोणी येऊ नये. पण पीआयईवर बंद पडलेल्या माणसाला तेवढा एकांत कुठला? फोन करायच्या आधीच कॅमेऱ्याने त्यांना हेरलं होतं. पिवळे दिवे फिरवत, बंद गाड्या ओढून नेणारा रिकव्हरीचा ट्रक येऊन उभा राहिला. त्यातून एक तरुण, धष्टपुष्ट चिनी माणूस उतरला.

"अंकल, ऑल ओके? व्हेअर यू गोइंग?"

खांबेटे मनाने अजून तीनशे पंच्याहत्तरवर होते. त्यांच्या तोंडून खरं उत्तर गेलं. "टोनोपा."

"तोआ पायोह?" पीआयईवर मागे पडलेल्या वस्तीचं नाव घेत तो म्हणाला. "अंकल, तोआ पायोह पास ऑलरेडी. यू मस्ट टर्न बॅक."

"नॉट तोआ पायोह. टोनोपा. इन द डेझर्ट."

त्या माणसाने खांबेट्यांकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, पाण्याच्या कॅनकडे पाहिलं. मग आवाज एकदम मऊ करून वहिनींना विचारलं, "आँटी, अंकल हिट बाय सन, इज इट?"

 वहिनी घोंगडीवर आडव्या होऊन हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, हातात अर्धी पुरी. शैलेंद्रनी ठामपणे सांगून टाकलं, "ही इज ऑलवेज लाइक धिस."

ट्रकने त्यांना एक्स्प्रेसवेवरून उतरवून जवळच्या कार पार्कमध्ये सोडलं. शैलेंद्र पेट्रोल आणायला गेले. खांबेटे खालच्या कॉफी शॉपमध्ये कोपी, म्हणजे तिथली कॉफी, घेऊन बसले, आणि त्यांचा चेहरा उतरला. सगळं आता त्यांच्या डोक्यात शिरत होतं. अंतर पुरं झालं नव्हतं, थांबे झाले होते, गाडी बंद पडली होती.

"जमलं नाही," ते म्हणाले. "राहू दे ते नेवाडा."

"तिकिटं काढा," वहिनी म्हणाल्या.

"अगं पण..."

"मघाशी तिथे बसले होते तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. शैलेंद्रभावोजींना तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मी तुमच्याकडे पाणी मागितलंसुद्धा नव्हतं, त्याआधीच तुम्ही दिलंत. इतक्या वर्षांत असा माणूस मी घरात पाहिला नाही. तो वाळवंटात सापडत असेल तर मला यायचंय."

खांबेट्यांनी कोपीचा घोट घेतला. ती इतकी गरम होती की डोळ्यांत पाणी आलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

नोव्हेंबरात दोघं गेले. नेवाडातल्या विमानतळावर गाडी भाड्याने देणाऱ्या बाईंना खांबेट्यांनी पंचवीस नंबरचा रस्ता विचारला आणि शहात्तर सालचं सगळं ऐकवलं. त्या बाई म्हणाल्या की त्यांचा जन्मच त्यानंतरचा आहे. गाडी मिळाली, टाकी पूर्ण भरली. ती खांबेट्यांनी स्वतः उभं राहून, नळी हातात धरून भरली. वाटेतल्या शेवटच्या पंपावर ती पुन्हा काठोकाठ भरून घेतली.

आणि मग तो रस्ता आला. फाट्यावर फलक होता, तीनशे पंच्याहत्तर. खांबेट्यांनी गाडी वळवली. पुढे रस्ता खाली उतरला, सरळ झाला, आणि सरळच गेला. डोळे जातील तिथवर एक करडी रेघ, दोन्हीकडे राखाडी झुडपं, टोकाला निळसर डोंगर. जसं त्यांनी बेडोकला सांगितलं होतं, तंतोतंत तसं.

काही मैल गेल्यावर गाडी हळू झाली. मग आणखी हळू. मग कडेला उभी राहिली.

"काय झालं? पेट्रोल?" वहिनींनी विचारलं.

"भरपूर आहे." खांबेट्यांचे दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट होते. "सविता, मला भीती वाटतेय."

"कशाची?"

"तेच कळत नाहीये. गाडी पुढे जातेय की जागच्या जागी आहे, तेच समजत नाही. डोंगर हलत नाही. पाटी नाही, एक्झिट नाही, कॅमेरा नाही. काही बिघडलं असतं तर मला जमलं असतं गं. इथे काहीच बिघडत नाहीये."

हसण्यासारखंच होतं, पण वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी दार उघडलं. बाहेर इतकी शांतता होती की दाराचा आवाज त्यांना मोठा वाटला. गाडीला वळसा घालून त्या पलीकडे आल्या. "सरका."

"तू? अगं, तुला उजवीकडून..."

"इथे दुसरी गाडी आहे का? मधूनसुद्धा चालवीन."

ज्या बाईने ऋताच्या लहानपणानंतर स्टीअरिंगला हात लावला नव्हता, तिने पहिले दोन मैल सायकलच्या वेगाने काढले. तिसऱ्या मैलाला खांदे सैल सोडले. त्यानंतर त्या गुणगुणायला लागल्या. मध्ये एकदा रस्त्यावर खरोखरची काळी गाय उभी होती. वहिनींनी गाडी थांबवली, काच खाली केली आणि तिला शुद्ध पुणेरी मराठीत बाजूला व्हायला सांगितलं. गाय झाली.

शेजारी बसून खांबेट्यांना प्रथमच तो रस्ता बघता आला. नकाशात नसलेल्या गोष्टी होत्या. झुडपांना ओल्या मातीसारखा वास होता. ढगाची सावली एकटीच मैदानावरून चालत होती. चिमुकल्या वस्तीवर त्यांनी बर्गर खाल्ला, वर कॉफी घेतली. तिथल्या माणसाने, "तबकडी बघायला आलात?" असं विचारलं. "रस्ता बघायला," खांबेटे म्हणाले. त्या माणसाने थोडा विचार केला आणि कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

शेवटचा टप्पा खांबेटे म्हणाले, मी चालवतो. वहिनींनी विचारलं नाही की जमेल का. ते सावकाश निघाले. बऱ्याच वेळाने समोरून एक ठिपका आला, मोठा झाला, त्याचा जुना पिकअप ट्रक झाला. जवळून जाताना आतल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने स्टीअरिंगवरची दोन बोटं वर उचलली, ओळखीच्या माणसाला करावीत तशी. खांबेट्यांनीही उचलली. मग मात्र टोनोपापर्यंत ते ताठ बसून होते आणि कोणी समोरून येतंय का बघत होते.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी दोघं हौगांगच्या बाजारात भाजीला गेले. भाजीवाल्या आँटीने विचारलं, इतके दिवस कुठे होता? सवितावहिनींनी दोन्ही हात लांब पसरून तो रस्ता दाखवला, इतका लांब की शेजारच्या गाळ्यातला मासेवालाही वळून बघायला लागला.

"सो लाँग रोड," आँटी म्हणाली. "गॉट शॉप?"

"नो शॉप."

"गॉट फूड?"

"वन बर्गर."

"अय्यो, देन व्हाय यू गो?"

खांबेटे उत्तर द्यायला पुढे सरसावले, पण वहिनी आधीच बोलत होत्या. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया, त्या म्हणाल्या. तिथे तर याच्याही दुप्पट लांब आणि सरळ रस्ता आहे. त्यांनी सगळं वाचून काढलंय, आणि या वेळी पहिल्यापासून त्याच चालवणार आहेत.

हे खांबेट्यांनाही तिथेच, दुधीच्या ढिगाशेजारी उभ्या उभ्या कळलं. आँटीने त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी जास्त टाकली.